लंडनहून येताना चढ लागतो

कंट्रोलर कोणत्याही गावाचं अंतर मैलांत सांगत नसत. नवं माणूस दारात आलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, "किती वाजता निघालात?" मग भिंतीवरच्या घड्याळाकडे एक नजर, मनातल्या मनात वजाबाकी, आणि लगेच निकाल: "म्हणजे मध्ये कुठंतरी बसलात." निकाल बहुधा खरा असे. सख्ख्या मेहुण्याला त्यांनी एकदा उंबऱ्यातच सांगितलं होतं की तुम्ही सुपे फाट्यावर भजी खाल्लीत. मेहुण्यानं मिशी पुसली.

ते तीस वर्षं एस.टी.त होते. त्यांतली शेवटची बारा पारनेरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. निवृत्त होऊन ते आमच्या गावी, पारनेरपासून सात मैलांवर, राहायला आले तेव्हा हुद्दा तिकडेच ठेवून यायचं विसरले असावेत. त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही आठवून सांगावं लागे. लग्नात पंगती बसवायच्या असल्या की त्यांनाच बोलावत, कारण "दुसऱ्या पंगतीच्या मंडळींनी पहिल्या पंगतीच्या पाठीमागं उभं राहू नये" हे वाक्य त्यांच्यासारखं कोणाला म्हणता येत नसे. घरी जेवण झाल्यावर ते हात धुऊन बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, सांगत, "सुटलो."

मी गावच्या शाळेत शिक्षक होतो. शाळेत एक पृथ्वीगोल होता. ऑस्ट्रेलियाला पोचा पडला होता, पण बाकी जग शाबूत होतं. कंट्रोलरांचा एकुलता एक मुलगा सुरेश नोकरीसाठी लंडनला गेला आणि त्याचं पहिलं पत्र आलं, त्या आठवड्यात ते शाळेत आले आणि गोलाकडे बोट करून म्हणाले, "गुरुजी, लंडन ते मुंबई किती तासांची गाडी आहे?"

मी दोरा लंडनवर धरला, मुंबईवर आणला, पट्टीवर मोजला आणि प्रमाणानं गुणून सांगितलं की साडेचार हजार मैलांच्या आसपास भरतं.

"हे सरळ आलं. वळणं कुठं धरलीत?"

"विमानाला वळणं नसतात."

"तीस वर्षांत सरळ गेलेली गाडी मी पाहिली नाही," ते म्हणाले. "आणि थांबे?"

सुरेशच्या पत्रात रोम आणि बैरूत अशी दोन नावं होती. कंट्रोलरांनी दोरा माझ्या हातातून घेतला, तो रोमवरून नेला, तिथं अंगठा दाबून थोडं थांबले, बैरूतला पुन्हा थांबले, आणि मग मुंबईला उतरले. "आता बरोबर," म्हणाले. हे सगळं ते कशासाठी करत होते ते मला पुढं महिन्याभरानं कळलं.

सुरेशच्या पत्रांत सुटायच्या आणि पोचायच्या वेळा असत, कारण बापानं तशी ताकीद दिली होती. जातानाचं विमान मुंबईहून पहाटे पाचला सुटलं आणि लंडनला सकाळी साडेदहाला पोचलं. म्हणजे साडेपाच तास. येणारं विमान लंडनहून सकाळी दहाला सुटतं आणि मुंबईला रात्री अडीचला टेकतं. म्हणजे साडेसोळा तास. मी गोंधळ निस्तरण्यासाठी कंदील आणि गोल घेऊन बसलो. तिकडचं घड्याळ साडेपाच तास मागं असतं, दोन्हीकडून प्रवास अकराच तासांचा आहे, हे समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुजी, घाट चढताना गाडीला जो वेळ लागतो तो उतरताना लागत नाही. लंडनहून येताना चढ लागतो. एवढं सोपं आहे."

पत्र मिळालं की ते त्यातल्या वेळा एका पुठ्ठ्यावर उतरवून काढत. महिन्याभरानं तो पुठ्ठा त्यांनी माझ्यापुढं ठेवला. त्यावर सुरेख अक्षरात वेळापत्रक होतं. तार पोचण्यास सहा तास. रजा व तिकीट, आठ तास. विमान, साडेसोळा तास. सांताक्रूझ ते गाव, नऊ तास. एकूण साडेएकोणचाळीस. वर शीर्षक होतं, 'माझ्या निधनानंतर सुरेशचे आगमन'.

मी शीर्षक पुन्हा वाचलं. तेच बोलले. "मला काय, मला कळणार नाही. पण गाडी चुकलेल्या माणसाचं तोंड मी तीस वर्षं पाहिलंय, गुरुजी. पिशवी हातात असते आणि माणूस फलाटाकडे बघत राहतो. ते तोंड माझ्या पोराचं नको."

अडचण विमानाची नव्हतीच. अडचण चुलीची होती. आमच्या गावात मयत उचलेपर्यंत शिवेच्या आत चूल पेटत नसे. चाँदभाई टेम्पोवाल्याच्या घरीही ती रीत पाळली जाई. एरवी तीन-चार तासांत सगळं उरकत असल्यानं कोणाला त्याचं ओझं वाटलं नव्हतं. पण कंट्रोलरांच्या हिशेबानं लंडनचं विमान जितका वेळ हवेत, तितका वेळ गाव उपाशी. त्यातून ते बहात्तरचं दुष्काळी साल. अर्धं गाव सरकारी कामावर खडी फोडत होतं आणि रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होतं.

तरी त्यांनी मारुतीच्या देवळात गाव जमवलं आणि पुठ्ठा वाचून दाखवला.

शेजारची भागूबाई पहिल्यांदा उठली. ती म्हातारी कोणाच्या बापाला भीत नसे. "कंट्रोलर, मरनार तुमी, आन् उपाशी आमी?"

"दीडच दिवस, भागूबाई."

"दीड दिस लेकरं काय चाटत्याल? तुमचं टाइमटेबल?"

मागून कोणी म्हणालं, "बरंच हाय की. मिलोच्या भाकरीतनं एक दिस सुटका."

सरपंच अण्णा कामाचा माणूस. त्यांनी विचारलं, "आदी ह्ये सांगा, मरनार कवा हाय?"

"ते माझ्या अखत्यारीत नाही," कंट्रोलर म्हणाले. "मी फक्त सुटल्यानंतरचं बघतो."

शेवटी चाँदभाईनं वाट काढली. "माजा मळा शिवंच्या पल्याड हाय. तितं चूल पेटली तर ती काय ह्या गावची?" म्हाताऱ्यांनी यावर तासभर खल केला. चूल पल्याड असली तरी धूर अल्याड आला तर काय, हा मुद्दा निघाला. तेव्हा वारा बघून पेटवायची, असं ठरलं. मग अण्णांनी मला उभं केलं आणि साडेसोळा तासांची खात्री करून मागितली. मी कंदिलाचा हिशेब पुन्हा सांगितला. कंट्रोलरांना जो महिनाभर पटला नव्हता तो अण्णांना दोन मिनिटांत पटला, कारण त्यात एका वेळची भाकरी वाचत होती. साडेपाच तास कापले गेले आणि चौतीस तास थांबण्याचा ठराव झाला.

कंट्रोलरांनी सही केली, पण देवळाच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाले, "साडेपाच तास तुम्ही खाल्लेत. सुरेश चुकला तर जबाबदारी तुमची."

एस.टी.त नवा मार्ग सुरू करताना आधी रिकामी गाडी चालवून वेळ मोजतात. कंट्रोलर त्याच पद्धतीनं गेले. नगरहून बर्फाची लादी भुशात घालून आणवली आणि ती गोणपाटाखाली किती तास टिकते ते पाहिलं. ही चाचणी दोनदा घ्यावी लागली, कारण पहिली लादी गल्लीतल्या पोरांनी खाऊन टाकली. तारेची चाचणी त्यांनी मुलाच्या वाढदिवसाला घेतली. प्रवासाची चाचणी मात्र सुरेश रजेवर आला तेव्हाच घेता आली.

दीड वर्षानं मुलगा येत होता. काकू भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. कंट्रोलर ओट्यावर घड्याळ हातात धरून बसले होते. अडीचला विमान, साडेअकराला घर, असा हिशेब होता. सुरेश एक वाजून दहा मिनिटांनी आला, हातात दोन बॅगा आणि चेहऱ्यावर हसू.

"एक तास चाळीस मिनिटं लेट," बाप म्हणाला. "कुठं थांबलास?"

"पुण्यात मिसळ खाल्ली, दादा."

"मी इथं बर्फावर पडलोय आणि तू मिसळ खातोस?"

सुरेशनं आईकडे पाहिलं. काकूंनी त्याच्यावरून तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "आधी पाय धू. ते अजून हायेत."

सुरेश त्या दिवशी खूप हसला. दोन दिवसांनी तो शाळेत आला आणि मला हळूच म्हणाला, "गुरुजी, दादा हे खरंच करणार आहेत?" मी म्हटलं, ठराव झालाय. तो थोडा वेळ गोलावरचा पोचा बोटानं चाचपत बसला. मग घरी गेला आणि पुठ्ठ्यावरचं वेळापत्रक त्यानं आपल्या डायरीत उतरवून घेतलं. पण तार निघेल तेव्हा तो स्वतः कुठं असेल हे त्यात लिहिलेलं नव्हतं, आणि ते आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही.

महिन्याभरानं तो परत निघाला. कंट्रोलरांनी सांताक्रूझ कधी पाहिलं नव्हतं. "एकदा फलाट बघून येऊ," म्हणाले, आणि साडेपाच तासांची जबाबदारी माझ्यावर असल्यामुळं मलाही बरोबर घेतलं. विमानतळावरच्या बाईची घोषणा त्यांनी डोळे मिटून ऐकली. "आवाज बरा आहे. पण एवढं गोड सांगितलं तर माणसं चढणार कशी?" पहाटे विमान सुटलं तेव्हा आम्ही सज्जात उभे होतो. बाकीचे लोक रुमाल हलवत होते. कंट्रोलरांनी हात हलवला नाही. गाडी सुटल्यावर हात हलवला तर ड्रायव्हरला वाटतं कोणी राहिलं, असं ते म्हणाले. मग खिशातल्या वहीत लिहिलं: पाच वाजून दोन मिनिटं.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. पुणे येईपर्यंत ते मुलगा कुठं असेल ते सांगत होते. बैरूतला चहा झाला असेल. आता समुद्र. शिरूर सोडलं तेव्हा दीड वाजला होता. घड्याळ पाहून ते म्हणाले, "रोम गेलं. आता सगळा उतार." मग त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मी पुस्तक उघडलं.

सुपे फाटा आला तेव्हा मी त्यांना हलवलं. सव्वादोन झाले होते. त्या पाऊण तासात केव्हातरी ते गेले होते, आणि मी शेजारी बसून पानं उलटत होतो. ते पुस्तक मी पुढं कधी पुरं केलं नाही.

फाट्यावर चाँदभाई टेम्पो घेऊन आम्हाला न्यायला आला होता. त्यानं कंट्रोलरांना उचलून घेतलं, डोक्याखाली आपला रुमाल दिला, आणि गावापर्यंत गाडी इतकी सावकाश चालवली की सात मैलांना तास लागला.

काकू ओट्यावर बसून राहिल्या. अण्णांनी मला बाजूला घेतलं. "गुरुजी, चौतीस तास कवापासनं धरायचं? शिरूरपासनं का सुप्यापासनं?"

मी म्हटलं, सुप्यापासून धरा.

"आन् तार कुठं करायची? पोरगं तर आभाळात हाय."

तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. वेळापत्रक लंडनहून सुरू होत होतं. सुरेश लंडनला नव्हता आणि इथंही नव्हता. त्याला आधी तिकडे पोचायचं होतं, खोलीत जायचं होतं, बॅग ठेवायची होती, आणि मग दारात तार यायची होती. कंट्रोलरांनी सगळ्या उशिरांची सोय केली होती, पण गाडी मध्यावर असताना स्टँडच बंद होईल हे त्यांनी धरलं नव्हतं. मीही धरलं नव्हतं.

पारनेरला जाऊन तार केली. नगरहून बर्फ आला. दुसऱ्या दिवशी गाव शिव ओलांडून चाँदभाईच्या मळ्यात गेलं. अण्णा ओलं बोट वर धरून वारा बघत होते. वारा गावाकडून मळ्याकडे आहे असं त्यांनी सांगितल्यावर चूल पेटली. पिठलं-भाकर झाली. लोक पंगतीनं जेवले आणि पुन्हा शिवेच्या आत येऊन बसले. दुपारी सुरेशची तार आली: निघतो आहे.

मी हिशेब केला. फार लवकर म्हटलं तरी तो तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला पोचणार होता. चौतीस तास मध्यरात्री संपत होते. रात्री मयत उचलत नाहीत, म्हणून अण्णांनी सकाळपर्यंतची वेळ आपल्या अधिकारात वाढवली.

तिसरी सकाळ उजाडली. मळ्यातलं पीठ संपलं होतं, ते चौतीस तासांच्याच बेतानं आणलं होतं. लेकरं काल उरलेल्या भाकरीचे तुकडे चघळत होती. बर्फाचं पाणी ओट्यावरून गल्लीत उतरत होतं. माणसं कंट्रोलरांच्या दारात उभी होती आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. अण्णांनी ठरावाची वही बगलेत धरली होती.

काकूच बोलल्या. "अण्णा, उचला आता. लोकांची लेकरं उपाशी हायेत. ह्यांनी तरी चौतीसावरच सही केली हुती."

मला वाटलं, झालं. सुरेशला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो. माझे साडेपाच तास मला आठवत होते. ते मी कापले नसते तर ठरावात साडेएकोणचाळीस तास असते, आणि तेही पुरले नसते, तरी आठवत होते.

भागूबाई भिंतीला टेकून बसली होती. ती उठली नाही. बसल्या बसल्याच म्हणाली, "न्हाई उचलायचं."

"भागूबाई, ठरावात..." अण्णा म्हणाले.

"तुमच्या ठरावाला मी अंगठा दिला न्हवता. मी राजूरची. माजा बाप गेला तवा सांगावा आला, तशी निगाले. तीन गाड्या बदलल्या. स्टँडपासनं धावत गेले, पायातलं वाटंत टाकून. तर धूरसुदीक ऱ्हायला न्हवता. दिस मावळायच्या आत चुली पेटवायच्या हुत्या लोकांना." ती माझ्याकडे वळली. "राजूर लंडनपरीस लांब हाय का जवळ, ते गुरुजींनी दोरा लावून सांगावं."



"मानूस वाटंवर हाय," ती म्हणाली. "वाटंवरच्या मानसाला टाकून घास उतरत न्हाई. बसा खाली समदे."

आधी अण्णा बसले. मग उभं असलेलं एकेक माणूस खाली बसलं. खडीवर जायला निघालेले दोघे-तिघे घमेली भिंतीशी ठेवून परत आले. चाँदभाई कोणाला न सांगता टेम्पो घेऊन फाट्यावर गेला. ऊन चढत गेलं तशी माणसं सावलीकडे सरकत होती, पण दारासमोरून हलत नव्हती. कोणाच्या तरी पोटात मोठ्यानं गुरगुरलं तेव्हा कोणीतरी हळूच म्हणालं, "ह्यो कंट्रोलरचा भोंगा." दोन-चार जण हसले, काकूही हसल्या.

सुरेश साडेअकराला आला. टेम्पोतून उतरला तेव्हा हातात एकच पिशवी होती. त्यानं दारातली माणसं पाहिली आणि तो जागीच उभा राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. अण्णा उठले, त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "चल बाळा. दादा हायेत आत." त्यानं बापाचं तोंड पाहिलं, शेजारी बसला, आणि पुष्कळ वेळ बसून राहिला. त्याला कोणी घाई केली नाही.

दिवस कलताना गावात एकदम सगळ्या चुली पेटल्या.

तो ठराव कधी रद्द झाला नाही, पण नंतर कोणी वही काढून तो पाहिलाही नाही. पुढच्याच वर्षी हिवाळ्यात भागूबाई गेली. तिची लेक तिसगावकडे दिलेली. निरोप पोचायचा, मग गाडी मिळायची, मग नगरला बदलायची. कसं धरलं तरी संध्याकाळ होणार होती. किती वेळ लागेल हे मला कोणी विचारलं नाही. लोक येऊन भागूबाईच्या अंगणात बसले. लहान पोरांना शिवेपल्याड नेऊन खाऊ घातलं.

शेवटच्या गाडीनं लेक आली. मी रस्त्याच्या बाजूला बसलो होतो, म्हणून मला ती आधी दिसली. पदर खोचून ती धावत येत होती आणि धावताना गावाच्या वर, आभाळात कुठं धूर दिसतो का ते बघत होती. वळणावर आल्यावर तिला अंगणात बसलेली माणसं दिसली. तिचे पाय मंदावले. तिनं पदर नीट केला, आणि उरलेला रस्ता ती चालत आली.